डंप निघतो, पण भरला जात नाही? मायएसक्यूएलचं एक्स्पोर्ट-इम्पोर्ट नव्याने शिकणाऱ्यांसाठी

जुन्या होस्टिंगवरचा डेटाबेस नव्या सर्व्हरवर न्यायचा असतो. ऑफिसात कुणीतरी सांगतं, "डंप काढ आणि तिकडे इम्पोर्ट कर, पाच मिनिटांचं काम आहे." डंप, म्हणजे सगळ्या डेटाबेसची एका फाइलमधली प्रत, निघतो. इम्पोर्ट, म्हणजे ती प्रत नव्या डेटाबेसमध्ये भरणं, सुरू होतो आणि मध्येच एरर येऊन थांबतो. कधी त्याहून वाईट होतं. एरर येतच नाही, पण साइट उघडल्यावर सगळ्या मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते.

हे काम मी बरीच वर्षं करतो आहे. नवी मुलं अडतात त्या जागा जवळजवळ ठरलेल्या आहेत. एरर दिसतो तो भरताना, पण त्याचं मूळ बहुतेक वेळा डंप काढतानाच पडलेलं असतं. म्हणून इम्पोर्टची कमांड पुन्हा पुन्हा मारत बसण्याआधी फाइल उघडून बघायची सवय लावा. हा लेख मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या डेटाबेस सांभाळणाऱ्या दोन्ही प्रोग्रॅमसाठी आहे.

कमांड मी इथे आपण बोलतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायच्या, आणि स्पेस व डॅश दाखवलेत तिथेच द्यायचे.

पायरी १: फाइलमध्ये असतं काय

डंप म्हणजे साधी मजकुराची फाइल. डेटाबेस शून्यापासून पुन्हा उभा करायला लागणारी सगळी एसक्यूएल वाक्यं त्यात एकाखाली एक असतात: आधी 'ड्रॉप टेबल इफ एक्झिस्ट्स', मग 'क्रिएट टेबल', मग 'इन्सर्ट'च्या लांबच लांब ओळी. हे प्रत्येक टेबलसाठी.

फाइलच्या पहिल्या पाच-दहा ओळी नीट वाचा. लिनक्सवर 'हेड' कमांडने दिसतात. विंडोजवर फाइल मोठी असेल तर नोटपॅड गुदमरतं, तेव्हा नोटपॅड प्लस प्लससारखा एडिटर घ्या. पहिल्या एक-दोन ओळींत, बहुधा 'डिस्ट्रिब' या शब्दापुढे, डंप काढणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती असते, आणि दोन-चार ओळींखाली 'सर्व्हर व्हर्जन' म्हणून ज्या सर्व्हरवरून डेटा आला त्याची. हे दोन आकडे वेगळे असू शकतात आणि निम्म्या भानगडी तिथेच सुरू होतात.

त्याच्या खाली उद्गारचिन्ह आणि आकडा असलेल्या, कॉमेंटसारख्या दिसणाऱ्या ओळी असतात. उदाहरणार्थ, ५०५०३ हा आकडा आणि पुढे 'सेट नेम्स यूटीएफ८एमबी४'. नवी माणसं "कॉमेंटच आहे की" म्हणून या ओळी उडवतात. त्या कॉमेंट नाहीत. "सर्व्हर ५.५.३ किंवा त्यापुढचा असेल तर हे वाक्य चालव" असा त्याचा अर्थ. अक्षरांचं एन्कोडिंग (ती बाइटमध्ये लिहायची पद्धत) कोणतं, फॉरेन की (एका टेबलातल्या नोंदीचा दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी दुवा) तपासायच्या की नाहीत, हे सगळं त्या ओळींत ठरतं. त्यांना हात लावू नका.

आता शेवटची ओळ बघा ('टेल' कमांडने). तिथे 'डंप कम्प्लीटेड ऑन' आणि तारीख-वेळ असायला हवी. ती ओळ नसेल तर डंप अर्धवट आहे: डिस्क भरली, कनेक्शन तुटलं, किंवा कुणीतरी मध्येच कंट्रोल-सी दाबलं. अशी फाइल भरायचा प्रयत्नच करू नका, डंप पुन्हा काढा. ती ओळ जाणूनबुजून बंद करायचेही ऑप्शन आहेत, पण तुम्ही ते दिले नसतील तर ती दिसलीच पाहिजे.

पायरी २: तुमच्याकडे मायएसक्यूएल आहे की मारियाडीबी

प्रश्न बालिश वाटेल, पण विचारा. मारियाडीबी ही २००९ साली मायएसक्यूएलपासून फुटलेली शाखा. झॅम्पमध्ये (आपल्या संगणकावर वेब सर्व्हर आणि डेटाबेस चालवायचं तयार पॅकेज) ऑक्टोबर २०१५ पासून मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबीच येतं, आणि कंट्रोल पॅनेलवर नाव मात्र अजून 'मायएसक्यूएल'च दिसतं. त्यामुळे कॉलेजातून आलेली मुलं "माझ्याकडे मायएसक्यूएल आहे" असं मनापासून सांगतात आणि नव्या मायएसक्यूएल ८ चा डंप तिथे भरताना अडकतात.

डेटाबेसमध्ये लॉगिन करून 'सिलेक्ट व्हर्जन' ही क्वेरी चालवा, व्हर्जनपुढे रिकामा कंस देऊन. उत्तरात मारियाडीबी हा शब्द असेल तर तो मारियाडीबी. मग टर्मिनलवर 'मायएसक्यूएलडंप --व्हर्जन' चालवा. दोन्ही मशिनवरची ही दोन्ही उत्तरं कागदावर लिहून ठेवा.

पायरी ३: डंप काढणं

सुरुवातीला ही कमांड पुरते:

मायएसक्यूएलडंप -यू रूट -पी --सिंगल-ट्रान्झॅक्शन --रूटीन्स --इव्हेंट्स --डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट=यूटीएफ८एमबी४ --रिझल्ट-फाइल=वाचनालय.एसक्यूएल वाचनालय

यात 'वाचनालय' हे डेटाबेसचं नाव. आता इथे कोण कुठे अडतं ते बघू.

पहिली अडचण: एरर १०६४, म्हणजे वाक्यरचनेत चूक. कमांड तर अक्षर न् अक्षर बरोबर आहे! मग तुम्ही उभे कुठे आहात ते बघा. स्क्रीनवर 'मायएसक्यूएल>' असं दिसत असेल तर तुम्ही डेटाबेसच्या आत आहात, आणि मायएसक्यूएलडंप हा बाहेरून चालवायचा स्वतंत्र प्रोग्रॅम आहे. 'एक्झिट' टाइप करून बाहेर या आणि टर्मिनलवरून चालवा. पहिल्या आठवड्यात हे प्रत्येकाचं होतं.

दुसरी: पासवर्ड. '-पी' लिहून स्पेस देऊन पासवर्ड लिहिला, तर प्रोग्रॅम त्या पासवर्डला डेटाबेसचं नाव समजतो आणि पासवर्ड पुन्हा विचारतो. मग १०४९, म्हणजे असा डेटाबेस नाही, किंवा १०४४, म्हणजे या डेटाबेसची परवानगी नाही, असं काहीतरी येतं. नुसतं '-पी' लिहून सोडा, पासवर्ड विचारला की द्या. कमांडमध्ये लिहिलेला पासवर्ड टर्मिनलच्या हिस्टरीत राहतो, त्यामुळे तसंही ते बरं नाही.

तिसरी अडचण विंडोजवाल्यांची, आणि ही खरंच कुठे लक्षात येत नाही. बऱ्याच ठिकाणी डंप फाइलमध्ये घ्यायला '>' हे चिन्ह वापरलेलं दिसेल. कमांड प्रॉम्प्टवर आणि लिनक्सवर ते ठीक चालतं. पण विंडोजसोबत येणारं पॉवरशेल '>' मधून जाणारा मजकूर यूटीएफ-१६ मध्ये लिहितं. फाइल होते दुप्पट, आणि भरताना 'एएससीआयआय शून्य' अक्षर सापडल्याची तक्रार येते, सोबत 'बायनरी मोड' चालू करा असा सल्लाही. तो सल्ला ऐकू नका. फाइल नोटपॅडमधून यूटीएफ-८ म्हणून सेव्ह करूनही भागत नाही, कारण मराठी अक्षरं पॉवरशेलच्या हातातून जातानाच बिघडलेली असतात. डंप पुन्हा काढायचा, '--रिझल्ट-फाइल' वापरून. वरच्या कमांडमध्ये तो म्हणूनच आहे.

'--सिंगल-ट्रान्झॅक्शन'मुळे डंप सुरू झाला त्या क्षणाचं चित्र मिळतं आणि चालू साइट अडत नाही. हे इनोडीबी टेबलांपुरतं (इनोडीबी आणि मायआयसॅम हे टेबल साठवायचे दोन प्रकार). जुनी मायआयसॅम टेबलं असतील तर त्यांना हे लागू नाही, तेव्हा साइट थोडा वेळ बंद ठेवून डंप काढा. ट्रिगर (नोंद बदलली की आपोआप चालणारा कोड) डंपमध्ये आपोआप येतात. स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्रॅम) आणि इव्हेंट (ठरल्या वेळी चालणारी कामं) मात्र मागितल्याशिवाय येत नाहीत, म्हणून '--रूटीन्स' आणि '--इव्हेंट्स'. नव्या सर्व्हरवर सगळं चालतंय, फक्त महिनाअखेरचा रिपोर्ट निघत नाही, अशी तक्रार आली तर आधी हेच बघा.

डंप काढतानाच एरर आला तर बहुधा या दोनांपैकी एक असतो. 'प्रोसेस' परवानगी हवी, टेबलस्पेस काढता येत नाहीत, असं म्हणत असेल तर '--नो-टेबलस्पेसेस' जोडा. ५.७.३१ आणि ८.०.२१ पासून ही परवानगी सक्तीची झाली आणि शेअर्ड होस्टिंगवर ती कुणी देत नाही. 'कॉलम स्टॅटिस्टिक्स' नावाचं टेबल माहीत नाही, एरर ११०९, असं म्हणत असेल तर तुमचा डंप प्रोग्रॅम ८ चा आहे आणि सर्व्हर जुना किंवा मारियाडीबी. तिथे '--कॉलम-स्टॅटिस्टिक्स=०' जोडा.

पायरी ४: भरणं

आधी रिकामा नवा डेटाबेस तयार करा, यूटीएफ८एमबी४ कॅरेक्टर सेट देऊन. चालू डेटाबेसवर सरळ भरू नका. डंपमधलं प्रत्येक टेबल आधी 'ड्रॉप टेबल'ने सुरू होतं हे आठवा. चुकीच्या डेटाबेसवर भरलात तर तिथली त्याच नावाची टेबलं एकही प्रश्न न विचारता जातात.

याचाच एक छुपा प्रकार आहे. डंप काढताना '--डेटाबेसेस' ऑप्शन दिला असेल तर फाइलच्या आत 'यूज वाचनालय' अशी ओळ येते. मग तुम्ही भरताना 'चाचणी' या डेटाबेसचं नाव दिलंत तरी डेटा जातो 'वाचनालय'मध्येच. मी स्वतः हे एकदा केलं आहे, चालू डेटाबेसवर. सकाळभरच्या नोंदी गेल्या. तेव्हापासून भरण्याआधी फाइलमध्ये 'यूज' हा शब्द ओळीच्या सुरुवातीला शोधल्याशिवाय मी पुढे जात नाही.

भरायची कमांड:

मायएसक्यूएल -यू रूट -पी --डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट=यूटीएफ८एमबी४ चाचणी < वाचनालय.एसक्यूएल

इथे प्रोग्रॅमचं नाव 'मायएसक्यूएल' आहे, 'मायएसक्यूएलडंप' नाही. घाईत डंपचीच कमांड बाण उलटा करून मारली जाते, स्क्रीनवरून काहीतरी सरकत जातं आणि भरल्यासारखं वाटतं. भरलेलं काहीच नसतं. पॉवरशेलमध्ये '<' हे चिन्ह चालत नाही, ते पुढच्या वापरासाठी राखून ठेवलंय असं उत्तर मिळतं. तेव्हा आधी डेटाबेसमध्ये लॉगिन करा, 'यूज चाचणी' म्हणा आणि मग 'सोर्स' लिहून फाइलचा पूर्ण पत्ता द्या.

बाणाने भरताना पहिल्या एररला इम्पोर्ट थांबतो. 'सोर्स'ने भरताना मात्र तो एरर दाखवून पुढे जातो, त्यामुळे वर सरकलेले एरर निसटू देऊ नका. बाणाच्या पद्धतीत '--फोर्स' दिला की तोही असाच पुढे जातो. माझं मत विचाराल तर नवशिक्यांनी '--फोर्स' वापरूच नये. दहा टेबलं भरली आणि अकरावं नाही, हे तुम्हाला महिन्याभराने कळतं.

एररमध्ये तीन गोष्टी असतात: आकडा, ओळीचा नंबर आणि वाक्य. पहिला एररच वाचा, त्यामागचे बहुतेक त्याचीच पिलावळ असते. ओळ बघायला लिनक्सवर 'सेड -एन' ही कमांड वापरून तेवढीच ओळ काढा आणि तिची पहिली दोन-तीनशे अक्षरं वाचा. 'इन्सर्ट'ची एक ओळ दहा लाख अक्षरांपर्यंत जाऊ शकते, सगळी उघडू नका.

नेहमी भेटणारे एरर

१२७३, अनोळखी कोलेशन, 'यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय'. सगळ्यांत जास्त विचारला जाणारा हाच. मायएसक्यूएल ८ चं हे डीफॉल्ट कोलेशन, म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारा नियम. त्यातलं ०९०० म्हणजे युनिकोडच्या क्रमवारीच्या नियमांची ९.० ही आवृत्ती. मायएसक्यूएल ५.७ किंवा झॅम्पमधलं मारियाडीबी हे ओळखत नाही. फाइलची प्रत करा, आणि प्रतीत या नावाच्या जागी सगळीकडे 'यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय' घाला. मूळ फाइल तशीच ठेवा.

पहिल्याच ओळीवर एरर, 'अननोन कमांड', आणि पुढे उलटी तिरकी रेघ व डॅश. मे २०२४ पासूनच्या मारियाडीबी आवृत्त्यांचा डंप 'सँडबॉक्स मोड'च्या ओळीने सुरू होतो. जुन्या क्लायंटला, म्हणजे भरणाऱ्या 'मायएसक्यूएल' प्रोग्रॅमला, ती वाचता येत नाही. प्रतीतून तेवढी पहिली ओळ काढा.

पहिल्या ओळीवर १०६४. फाइल उघडून बघा. 'यूझिंग अ पासवर्ड ऑन द कमांड लाइन' हा इशारा फाइलच्याच डोक्यावर बसलेला सापडेल. डंप काढताना एररचा मजकूरही त्याच फाइलकडे वळवला की असं होतं, क्रॉन जॉबमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कमांडमध्ये) विशेषतः. ती ओळ काढा आणि जॉब दुरुस्त करा.

१२२७, परवानगी नाही, 'सुपर' किंवा तशीच एखादी परवानगी हवी. दोन मोठी कारणं. एक, फाइलमध्ये 'जीटीआयडी पर्ज्ड'ची (जुन्या सर्व्हरवरच्या व्यवहारांच्या ओळखक्रमांकांची) ओळ आहे; डंप '--सेट-जीटीआयडी-पर्ज्ड=ऑफ' देऊन पुन्हा काढा. हा ऑप्शन मायएसक्यूएलच्या डंपलाच कळतो, मारियाडीबीच्या नाही. दोन, व्ह्यू (नाव देऊन साठवलेली क्वेरी), ट्रिगर किंवा प्रोसीजरवर 'डिफायनर' म्हणून जुन्या सर्व्हरवरचा युजर लिहिलेला आहे. तेवढा 'डिफायनर=...' हा तुकडा काढला की जो भरतो त्याच्या नावावर ते तयार होतं. एखादेवेळी भरताना काही होत नाही आणि साइट चालवताना १४४९ येतो, डिफायनर युजर अस्तित्वात नाही म्हणून. दुखणं तेच.

११५३, पॅकेट फार मोठं, किंवा २००६, सर्व्हर निघून गेला. मायएसक्यूएलडंप 'इन्सर्ट'च्या ओळी साधारण एक एमबीवर तोडतो. तेव्हा त्याच्या डंपमध्ये हा एरर आला म्हणजे कुठल्यातरी एकाच नोंदीत मोठा ऐवज आहे, बहुधा फोटो किंवा पीडीएफ टेबलमध्येच ठेवलेला. 'मॅक्स अलाउड पॅकेट' सर्व्हरवर वाढवा (५.७ मध्ये तो मुळात ४ एमबी असतो, ८ मध्ये ६४ एमबी) आणि भरणाऱ्या क्लायंटलाही तोच ऑप्शन द्या. क्लायंटची मर्यादा वेगळी, १६ एमबी असते, हे लोक विसरतात. कमाल १ जीबी. एवढं करूनही २००६ येत राहिला तर सर्व्हरचा स्वतःचा एरर लॉग बघा, मेमरी संपून तो खरोखरच बंद पडत असेल.

१०६२, नोंद आधीच आहे. बहुधा 'ड्रॉप टेबल'च्या ओळी नसलेली फाइल अर्धवट इम्पोर्टवर दुसऱ्यांदा भरताय. डेटाबेस टाका, नवा करा, पहिल्यापासून भरा. १४५२, फॉरेन की जुळत नाही: फाइल मोठी म्हणून तिचे तुकडे केलेत आणि डोक्यावरच्या सेटिंगच्या ओळी पहिल्या तुकड्यातच राहिल्या. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला फॉरेन की तपासणी बंद करणारी ओळ हवी.

११४६, टेबल नाही, आणि टेबल तर डोळ्यांसमोर दिसतंय. विंडोजवरून लिनक्सवर आलात का? विंडोजवर मायएसक्यूएल टेबलांची नावं छोट्या अक्षरांत साठवतं आणि लहान-मोठं अक्षर एकच मानतं. लिनक्सवर ती दोन वेगळी नावं. प्रोग्रॅममध्ये मोठ्या 'एम'ने 'मेंबर' लिहिलं असेल आणि टेबल छोट्या 'एम'चं असेल, तर विंडोजवर चालेल, लिनक्सवर अडेल. टेबलांची नावं बदला, पण शक्यतो कोड सुधारा आणि यापुढे सगळी नावं छोट्या अक्षरांतच ठेवा.

पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं साधन) भरत असाल तर फाइलच्या आकाराची मर्यादा पीएचपीची असते: 'अपलोड मॅक्स फाइलसाइज' मुळात २ एमबी, 'पोस्ट मॅक्स साइज' ८ एमबी. होस्टिंगवाल्याने वाढवली नसेल तर फाइल जीझिप करून चढवा, मजकूर चांगला आकसतो. वेळ संपला असा संदेश आला तर तीच फाइल पुन्हा निवडून चढवा, ते राहिल्या जागेपासून पुढे जातं. पण पन्नास-शंभर एमबीच्या पुढे टर्मिनलच बरं.

मराठी अक्षरांचं काय होतं

इथे जरा थांबू, कारण आपल्याला हेच सगळ्यांत जास्त छळतं आणि इंग्रजी डेटावर शिकलेल्या माणसाला हे कधी दिसतच नाही.

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार, हलंत, प्रत्येक वेगळं. 'म'चे तीन बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत, असे: ई० ए४ एई. मायएसक्यूएलच्या जुन्या 'यूटीएफ८' मध्ये तीन बाइटपर्यंतच जागा होती, म्हणून मराठी त्यात बसतं, पण चार बाइटचे इमोजी बसत नाहीत. एखाद्या वाचकाने अभिप्रायात शेवटी हसरा चेहरा टाकला की १३६६ येतो आणि वाटतं मराठीच बिघडलं. २०१० मध्ये ५.५.३ पासून आलेलं 'यूटीएफ८एमबी४' सगळ्यासाठी वापरा, प्रश्न मिटतो.

ओळखीच्या एका वाचनालयाची पुस्तकयादी माझ्याकडे आली ती अशीच बिघडून. निम्म्या पुस्तकांची नावं प्रश्नचिन्हं, निम्म्यांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' आणि मध्ये चलनाचं चिन्ह, असा कचरा. पडद्यावर दोन्ही सारखीच वाईट दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो कळायला एकच क्वेरी लागते: त्या कॉलमवर 'हेक्स' हे फंक्शन चालवून दोन-चार नोंदी बघायच्या.

'म'ने सुरू होणाऱ्या नावाला ई० ए४ एई असं दिसलं आणि टेबलचा कॅरेक्टर सेट यूटीएफ८ किंवा यूटीएफ८एमबी४ असेल, तर डेटा शाबूत आहे. बिघाड फक्त दाखवणाऱ्या कनेक्शनमध्ये आहे, डेटाला हात लावू नका. तेच बाइट आहेत पण टेबल 'लॅटिन१' (रोमन लिपीपुरता जुना कॅरेक्टर सेट) आहे, तर योग्य ऐवज चुकीच्या नावाच्या डब्यात भरलाय. सी३ ए० सी२ ए४ सी२ एई असं सहा बाइटचं दिसलं, तर एकदा एन्कोड झालेलं पुन्हा एन्कोड झालंय. या दोन्हींतून सुटका आहे. आणि ३एफ ३एफ ३एफ दिसलं तर? ३एफ म्हणजे खरोखरचं प्रश्नचिन्ह. साठवतानाच अक्षर गेलं. कुठलीही कमांड ते परत आणत नाही, मूळ डेटाबेसकडेच जावं लागतं. म्हणून जुना सर्व्हर बंद करायची घाई कधी करू नका. त्या वाचनालयाचा जुना संगणक अजून कोपऱ्यात होता, म्हणून त्यांची नावं परत मिळाली.

सुटका अशी. डंप जुन्या सर्व्हरवरून '--डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट=लॅटिन१' आणि '--स्किप-सेट-चारसेट' देऊन काढा. फाइल यूटीएफ-८ म्हणून उघडा. मराठी स्वच्छ वाचता आलं पाहिजे. येत नसेल तर पुढे जाऊ नका. मग प्रतीत टेबलांच्या व्याख्येतलं 'लॅटिन१' बदलून 'यूटीएफ८एमबी४' करा, सोबत लॅटिन१ चं कोलेशन लिहिलेलं असेल तर तेही, आणि यूटीएफ८एमबी४ कनेक्शनने भरा.

पण आधी एक तपासणी करा. त्याच टेबलमध्ये काही नोंदी बिघडलेल्या आणि काही चांगल्या अशी सरमिसळ असू शकते, कारण मध्ये कधीतरी कुणी कनेक्शन दुरुस्त केलेलं असतं. अशा टेबलचा लॅटिन१ डंप काढला की चांगल्या नोंदींची प्रश्नचिन्हं होतात. सरमिसळ असेल तर डंपच्या वाटेने न जाता, ज्यांच्या हेक्समध्ये सी३ए०सी२ए४ किंवा सी३ए०सी२ए५ येतं तेवढ्याच नोंदी निवडून, आधी लॅटिन१, मग बायनरी, मग यूटीएफ८एमबी४ असं रूपांतर करणारी 'अपडेट' क्वेरी चालवा. अर्थात प्रतीवर.

आणखी एक. लॅटिन१ टेबलमध्ये ५० लांबीच्या कॉलमात ५० बाइट मावतात, म्हणजे मराठीची जेमतेम सोळा चिन्हं. लांब नावं तिथे कधीच छाटली गेलेली असतात. 'श्रीमद्भगवद्गीता' एवढ्या एका शब्दालाच सोळाच्या सोळा चिन्हं लागतात, आपल्या जोडाक्षरांमुळे. हे नुकसान डंपने झालेलं नाही, पण इम्पोर्टनंतर कुणीतरी नीट बघतं तेव्हा बोट तुमच्याकडेच येतं. आधीच दाखवून ठेवा.

सीएसव्हीबद्दल थोडंसं

टेबल सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली मजकुराची फाइल) काढताना किंवा भरताना १२९० आला तर 'सिक्युअर फाइल प्रिव्ह' या सेटिंगने ठरवलेल्या फोल्डरमध्येच फाइल ठेवावी लागते. 'शो व्हेरिएबल्स'ने तो फोल्डर कळतो. आणि सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडून सेव्ह करू नका. शून्याने सुरू होणारे सभासद क्रमांक शून्य गमावतात, लांबलचक नंबरांचे घातांक होतात. एक्सेलच्या डेटा मेनूतून, यूटीएफ-८ निवडून आणि ते कॉलम मजकूर म्हणून आणा.

पायरी ५: मोजून बघा

एरर आला नाही म्हणजे भरलं गेलं, असं धरू नका. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवायच्या सेवेच्या एका अभियंत्याकडून चालू डेटाबेसची डिरेक्टरी चुकून उडाली. बॅकअप शोधायला गेले तर रोजचा डंपच निघत नव्हता. डेटाबेस पोस्टग्रेस (मायएसक्यूएलसारखाच दुसरा प्रोग्रॅम) ९.६ आणि डंप काढणारा प्रोग्रॅम ९.२ चा, त्यामुळे तो रोज एरर देऊन थांबत होता, आणि तसं कळवणाऱ्या ई-मेल मेलसर्व्हर नाकारत होता. सुमारे सहा तासांपूर्वीच्या डिस्क स्नॅपशॉटवरून त्यांनी साइट उभी केली, मधल्या नोंदी गेल्याच. हे सगळं त्यांनी स्वतः प्रसिद्ध केलं, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

दोन्हीकडे प्रत्येक टेबलवर 'सिलेक्ट काउंट' चालवा आणि आकडे शेजारी-शेजारी लिहा. पीएचपीमायअ‍ॅडमिनच्या यादीत दिसणारा नोंदींचा आकडा घेऊ नका. इनोडीबीसाठी तो अंदाज असतो आणि खऱ्या आकड्यापेक्षा ४०-५० टक्क्यांनीही चुकू शकतो. हे माहीत नसल्यामुळे पूर्ण बरोबर झालेला इम्पोर्ट लोक रात्रभर पुन्हा पुन्हा करत बसतात. दोन्ही आवृत्त्या एकच असतील तर 'चेकसम टेबल'ही चालवून जुळतंय का बघा.

मग ट्रिगर, प्रोसीजर, इव्हेंट आणि व्ह्यू यांची संख्या दोन्हीकडे मोजा. शेवटी डोळ्यांनी: जोडाक्षर असलेलं एक नाव, 'ऱ्या' असलेलं एक आडनाव, एक इमोजी, सर्वांत जुनी नोंद, सर्वांत नवी नोंद. साइट नव्या डेटाबेसकडे वळवून एक नवी मराठी नोंद करा आणि तिचंही हेक्स बघा. ई० ए४ किंवा ई० ए५ ने सुरू झालं की काम झालं असं समजा. जुना सर्व्हर मात्र अजून महिनाभर तसाच राहू द्या.